आठ नंबरचं बटण

३ तारीख, मंगळवार

व्यायामवाल्या बाई म्हणाल्या, "राग येतो ना? मग तो वहीत काढा, घरच्यांवर नको." वही आणली आहे. घरच्यांवरही काढणार आहे.

पहिली अडचण म्हणजे वही उघडी राहत नाही. एक हात लिहितो तेव्हा दुसरा पान धरतो, हे मला इतकी वर्षं माहीतच नव्हतं. अर्धांगाचा झटका आल्यापासून माझा डावा हात मांडीवर पडून असतो, बसमध्ये कोणीतरी धरायला दिलेल्या पिशवीसारखा. म्हणून पानावर लोखंडी चकती ठेवली आहे. आमच्या कारखान्यातली, खांबाची बैठक कापताना उरलेली. आम्ही लोखंडी जिने बनवतो. म्हणजे बाकीचे बनवतात, मी संगणकावर त्यांची ड्रॉइंग काढते. "काढत होते" असं मी लिहिणार नाही.

सकाळी मालकांचा फोन आला. तब्येतीची चौकशी झाली, मग म्हणाले, "ताई, तुम्ही या परत. फोनवर बसा. गिऱ्हाइकांशी तुम्ही छान बोलता."

मी गिऱ्हाइकांशी आयुष्यात कधी छान बोललेली नाही. मी म्हटलं, "मी माझ्या खुर्चीवर बसणार. ड्रॉइंग काढणार."

"अहो, पण एका हाताने कसं जमेल?"

"माउस उजव्या हातातच असतो."

"आणि कीबोर्ड?"

मी म्हटलं, "बघाच तुम्ही."

तेव्हा मालक म्हणाले, चोवीस तारखेला या. एका दवाखान्यासाठी गोल जिना करायचा आहे. सकाळी मापं देतो, संध्याकाळपर्यंत ड्रॉइंग झालं तर खुर्ची तुमची. नाही झालं तर फोन तुमचा आणि खुर्ची त्या मुलीची. माझ्या जागी घेतलेल्या मुलीचं नाव मला दोनदा सांगून झालं आहे, मी लक्षात ठेवलेलं नाही. मी तिला नवी म्हणते.

गोल जिना म्हणजे एके काळी माझ्या डाव्या हाताचा मळ होता.

५ तारीख, गुरुवार

माउस घेऊन आले. साधा नव्हे. अंगठ्यापाशी दोन बटणं जास्तीची, तर्जनीच्या कडेला आणखी दोन.

हिशेब असा आहे. ड्रॉइंग काढताना उजवा हात माउसवर असतो आणि डावा कीबोर्डवर. केलेलं मागे घ्यायचं तर कंट्रोल आणि झेड. कॉपीला कंट्रोल आणि सी. पेस्टला कंट्रोल आणि व्ही. रेघ ओढताना शिफ्ट धरून ठेवली की रेघ सरळ जाते, नाही तर वाकडी. ही चारच कामं डावा हात करत होता. चार कामं, चार बटणं. बटणांना कामं लावून दिली की डाव्या हाताने खुशाल लोळावं.

दुकानदाराने विचारलं, "कोणत्या सिस्टिमवर चालवणार?"

"लिनक्स."

आमच्या कारखान्यात सगळीकडे विंडोजच्या जागी लिनक्स आहे. मालकांच्या मेव्हण्याने घातलं, मग मेव्हणा परदेशी गेला, लिनक्स राहिलं. माझ्या घरचा संगणकही तिथलाच, जुना झाला म्हणून दिलेला.

दुकानदार हसला. म्हणाला, "बाई, याचा प्रोग्राम लिनक्सवर चालत नाही. ही वरची बटणं नुसती शोभेची राहतील."

मी म्हटलं, "शोभेची एक वस्तू माझ्याकडे आधीच आहे. दुसरी मी ठेवून घेणार नाही. बांधा."

६ तारीख, शुक्रवार

भांडण. ह्यांना माउस दिसला.

"अगं, डॉक्टरांनी विश्रांती सांगितली आहे. फोनवर बसलीस तर काय बिघडतं? मी तर मालकांना तेच म्हटलं..." आणि थांबले.

"काय म्हटलंत?"

"काही नाही."

"अहो, काय म्हटलंत मालकांना?"

फोनची कल्पना ह्यांची निघाली. माझ्या पाठीमागे कारखान्यात जाऊन, टोपीशिवाय उन्हात उभं राहून, माझ्यासाठी हलकं काम मागून आले. माझ्या डोक्यात अशी तिडीक गेली की मी हातातला चमचा फेकला. उजव्या हातातला. मी म्हटलं, माझं काय करायचं ते तुम्ही दोघं ठरवणार? मी काय गोदामातला माल आहे?

हे म्हणाले, "त्या दिवशी स्वयंपाकघरात तू पडलीस तेव्हा मी तिथे होतो. तू नव्हतीस."

याला काही अर्थ आहे का? पडले मी, आणि म्हणे मी नव्हते. मग हे उठून बाहेर गेले ते जेवायलाच आले.

सासूबाई कोपऱ्यात विणत बसल्या होत्या. भांडणात एरवी त्या कोणा एकाची बाजू घेतात, आज नाही घेतली. म्हणाल्या, "झालं असेल तर हात पुढे कर." लोकरीची लड दोन हातांत ताणून धरायची आणि त्या गुंडा करणार.

"आई, मला एकच हात आहे."

"मला दोन दिसतात."

डोळ्यांचं ऑपरेशन झालेल्या बाईशी कोण वाद घालणार? डाव्या हातावरून लड सारखी घसरत होती, त्या पुन्हा पुन्हा अडकवत होत्या. मी म्हटलं खुर्चीच्या पाठीला अडकवा. तर म्हणे, खुर्ची गप्प असते, करमत नाही.

८ तारीख, रविवार

आज जे झालं ते लिहायची इच्छा नाही. लिहिते.

आधी पेन्सिल दातांत धरून शिफ्ट दाबायचा प्रयत्न केला. शिफ्ट दाबली गेली, पण पडदा दिसेना, आणि मान अवघडली. सासूबाई म्हणाल्या, "चोचीने काम करतेस?" पेन्सिल सोडली.

मग शोधून शोधून एक वाट सापडली. एक्सबाइंडकीज नावाचा छोटा प्रोग्राम आहे. त्याच्या फाइलमध्ये लिहायचं की अमक्या नंबरचं बटण दाबलं की तमकं कर. दुकानदाराचं थोबाड आठवत आठवत प्रोग्राम घातला. आता नंबर. मी मोजले. डावं बटण एक. मधलं, म्हणजे चाक दाबलं की वाजतं ते, दोन. उजवं तीन. मग अंगठ्यापाशी असलेली चार आणि पाच, कडेची सहा आणि सात. लहान पोरालाही कळेल. चारला "मागे घे" लावलं, पाचला कॉपी.

सरावासाठी एक जुना जिना उघडून त्याला वरच्या मजल्याच्या पायऱ्या नव्याने काढल्या. सकाळभर खपून. छान झाल्या. सासूबाईंना बोलावलं, ह्यांनाही दारातून दिसेल असं बसले. आणि पायरी जवळून दाखवावी म्हणून चाक वर फिरवलं. चाक वर फिरवलं की चित्र जवळ येतं.

चित्र जवळ आलं नाही. वरची पायरी गेली.

मी अजून फिरवलं. काही चुकलं की जवळ जाऊन बघायचं, ही आम्हा ड्रॉइंगवाल्यांची खोड. दुसरी गेली. तिसरी गेली. मी जितकी बघायला जवळ जात होते तितका जिना वरून खाली संपत होता. हबकून मी चाक गरागरा फिरवलं.

"जिना कुठे गेला?" सासूबाईंनी विचारलं.

दारातून हे हसले. मोठ्याने. झटका आल्यापासून ह्यांना हसताना मी पहिल्यांदाच ऐकलं, आणि नेमकं माझ्यावर. मी संगणक बंद केला आणि जेवले नाही.

१० तारीख, मंगळवार

सापडलं! सापडलं, सापडलं.

एक्सईव्ही नावाची आज्ञा आहे. टर्मिनल म्हणतात त्या आज्ञांच्या खिडकीत लिहिली की एक पांढरी चौकट उघडते. त्या चौकटीवर बाण नेऊन कोणतंही बटण दाबा, ती त्याचा खरा नंबर सांगते. मी एकेक दाबत गेले. डावं एक, मधलं दोन, उजवं तीन, इथवर माझं बरोबर. मग सहज चाक वर फिरवलं, तर म्हणे चार. खाली फिरवलं, पाच. चाक कडेला ढकललं, डावीकडे सहा, उजवीकडे सात. ज्याचं फिरणं मी मोजलंच नव्हतं ते चाक एकटं चार आकडे खाऊन बसलं होतं. अंगठ्याजवळचं पहिलं बटण आठ. दुसरं नऊ. कडेची दहा आणि अकरा.

आठ! मी चारला लावलेलं "मागे घे" चाकाला जाऊन चिकटलं होतं. जिना मीच पुसत होते.

सासूबाईंना समजावलं. लड माझ्या हातांत घालता घालता म्हणाल्या, "जे रोज फिरत असतं त्याला मोजायचं कोणाच्या लक्षात राहतं?" आज त्यांनी दोन गुंडे केले. मला आनंदात बोलायचं होतं आणि त्या उठू देत नव्हत्या.

फाइल दुरुस्त केली. आठ, मागे घे. नऊ, कॉपी. अकरा, पेस्ट. दहा मोकळं ठेवलं आहे ते शिफ्टसाठी. पण शिफ्टचं प्रकरण वेगळं आहे, ती नुसती दाबायची नाही, धरून ठेवायची असते. झालं तेवढं लगेच पेन ड्राइव्हवर घेतलं आणि पर्समध्ये टाकलं. उगाच दगाफटका नको.

त्या दुकानदाराला फोन करून सांगावंसं वाटलं. केला. त्याला मी आठवले नाही.

१४ तारीख, शनिवार

शिफ्टने चार दिवस खाल्ले. धरून ठेवायचं जमेना, म्हणून असं केलं: दहा एकदा दाबलं की शिफ्ट खाली, पुन्हा दाबलं की शिफ्ट सुटेल. खाली गेली. सुटेना. सगळी अक्षरं मोठी पडायला लागली, ह्यांनी वीजमंडळाला इंग्रजीत लिहायला घेतलेली तक्रार आरडाओरडा केल्यासारखी दिसायला लागली. शेवटी कळलं की शिफ्ट दाबलेली असताना तेच दहा नंबरचं बटण त्या प्रोग्रामला वेगळं वाटतं. "शिफ्ट आणि दहा" अशी निराळी ओळ लिहावी लागते. लिहिली. सुटली. आता घरी चारही बटणं माझ्या तैनातीला हजर आहेत.

व्यायामवाल्या बाई आल्या होत्या. मी त्यांना सांगितलं, तुमचा चेंडू आणि स्पंज आता कशाला? मला डाव्या हाताची गरजच पडणार नाही अशी सोय मी केली आहे.

त्या म्हणाल्या, "उत्तम. फक्त हाताला सांगू नका." विनोद करतात.

१९ तारीख, गुरुवार

सराव. सकाळी जिना, दुपारी जिना. सासूबाईंच्या तिसऱ्या की चौथ्या स्वेटरची लोकर. एवढे स्वेटर कोण घालणार आहे, विचारलं तर सांगत नाहीत. मी तावातावाने नवीबद्दल बोलत होते, बोलणं संपलं तेव्हा लडही संपली होती.

वहीवरची चकती सापडत नाही. सासूबाईंनी काही दाबायला घेतली असेल. मरो.

२२ तारीख, रविवार

आज खरं लिहिते. मला भीती वाटते.

फोनची नाही. फोन काय, उचलायचा आणि ओरडायचं, ते मला येतं. भीती याची वाटते की चोवीसला मी तिथे बसेन आणि सगळे दयेने बघतील. कामात चूक झाली तर कोणी रागावणार नाही. पूर्वी चूक झाली की वेल्डर ड्रॉइंग घेऊन वर यायचा, टेबलावर आपटायचा, "ताई, ही पायरी माणसासाठी आहे की बकरीसाठी?" म्हणायचा. तसं आता कोणी बोलणार नाही. मला चालवून घेतील. ते मला सहन होणार नाही.

हात जोडायचे, हात टेकायचे, हात झटकायचे, हात चोळत बसायचं. आपल्या बोलण्यात तरी एका हाताने होण्यासारखं काही ठेवलं आहे का? मी यातलं काहीच करणार नाही.

दुपारी हे जवळ येऊन बसले. मग म्हणाले, "दाखव ना तो जिना. पायऱ्या जातात तो नको, दुसरा." दाखवला. चहा थंड होईपर्यंत बघत होते. मग म्हणाले, "चोवीसला मी सोडायला येऊ?"

"नको."

"बसस्टॉपपर्यंत?"

"बसस्टॉपपर्यंत या."

२४ तारीख, मंगळवार

गेले आणि आले. आता पाय पाण्यात सोडून लिहिते आहे.

माझ्या खुर्चीवर नवीची शाल होती. मी ती घडी करून तिला दिली. ती उठली, वाईट नाही पोरगी. मालकांनी मापं दिली, शेजारी स्टूल ओढून बसले. मी माउस लावला, प्रोग्राम घातला, पर्समधून पेन ड्राइव्ह काढून फाइल उतरवली आणि आठ दाबलं.

काही झालं नाही. नऊ, काही नाही. अकरा, तेही नाही.

नवी हळूच म्हणाली, "मी मागच्या महिन्यात सिस्टिम नवीन केली ना." मालक म्हणाले, "जाऊ द्या ताई, कोणीही केला नसता इतका प्रयत्न तुम्ही..." तो सूर! परवा लिहिला तोच दयेचा सूर. त्या सुराने मला वाचवलं. मी म्हटलं, "थांबा. मी अजून उठलेले नाही."

नव्या सिस्टिममध्ये पडद्यामागची व्यवस्था बदलली आहे, तिथे माझा छोटा प्रोग्राम बटणांपर्यंत पोचत नाही. पण जुनी व्यवस्था काढून टाकलेली नसते, हे मी वाचलं होतं. सिस्टिममधून बाहेर पडले. जिथे पासवर्ड विचारतात तिथे कोपऱ्यात एक दातेरी चाक दिसतं, त्यावर क्लिक केलं की जुनी निवडता येते. निवडली. आत आले. आठ दाबलं. मागे घेतलं! नवी म्हणाली, "अय्या, मला हे चाक माहीतच नव्हतं." मी म्हटलं, "चाकांकडे लक्ष ठेवत जा."

मग काम असं लागलं की काही विचारू नका. मधला खांब, त्याभोवती पायऱ्या, वर कठडा. बटणाकडे बघायचीसुद्धा गरज पडली नाही, हात आपला चालत होता. मालक मात्र मधूनमधून येऊन माझ्या डाव्या बाजूला बघत उभे राहायचे. पडलेल्या हाताकडे असं बघत राहू नये एवढं कळायला हवं. मी खुर्ची जरा वळवून घेतली. जेवायच्या सुट्टीनंतर म्हणाले, "ताई, तुम्ही तर दोन्ही हातांनी सुटलात." मी म्हटलं, "टोमणे नकोत. बटणं चार आहेत."

संध्याकाळ व्हायच्या आत ड्रॉइंग दिलं. ते वेल्डरकडे खाली गेलं. थोड्या वेळाने तो जिना चढत वर आला, कागद टेबलावर आपटला. "ताई, कठड्याचा हा दांडा कोणाच्या कमरेत घुसवायचा आहे?" बघितलं तर खरंच एक दांडा बोटभर पुढे. माझी चूक. सगळ्यांसमोर. मला इतका आनंद झाला की मी त्याला दोन शिव्या घातल्या आणि दांडा मागे घेतला. बाकी एकूण एक रेघ त्याने पट्टी लावून तपासली. म्हणाला, सरळ आहेत.

खुर्ची माझी. नवी शेजारच्या टेबलावर बसणार आहे, तिला मी शिकवायचं आहे. नाव पुन्हा विचारून घ्यावं लागेल.

बसस्टॉपवर हे उभे होते. सकाळपासून तिथेच असावेत असं तोंड झालं होतं. मी नुसती मान हलवली. ह्यांनी माझी पर्स घेतली आणि घर येईपर्यंत सारखं नाक पुसत होते. सर्दी झाली असेल.

घरी आल्यावर सासूबाईंना दाखवावं म्हणून पेन ड्राइव्ह लावून ती फाइल उघडली. आठ, मागे घे. नऊ, कॉपी. अकरा, पेस्ट. संपली.

ही दहा तारखेची फाइल. शिफ्ट नंतर केली, ती या संगणकावर राहिली. पेन ड्राइव्हवर घ्यायचं विसरले.

म्हणजे कारखान्यात दहा नंबरचं बटण आज दिवसभर मुकं होतं. मग रेघा सरळ कशा? शिफ्ट धरल्याशिवाय रेघ सरळ जात नाही. मी क्लिक करत होते तेव्हा ती कोणीतरी धरून ठेवायला हवी. पेन्सिल दातांत नव्हती, ती पर्समध्ये आहे. नवी हात लावायला आली नाही, मी लावू दिला नसता. मालक नुसते डावीकडे बघत उभे होते. डावीकडे.

सासूबाईंना विचारलं, "आई, ती माझी वहीवरची चकती कुठे ठेवलीत?"

"कपाटात. केव्हाची. तू मागितली नाहीस, मला वाटलं लागत नसेल."

लागत नसेल कशी? चकती नसेल तर पान...

खाली बघितलं. पानाच्या कोपऱ्यावर डावा हात आहे. बोटं जरा वाकडी, पण पसरलेली. कोणी अडकवून दिलेला नाही. मी हे लिहिते आहे आणि तो पान धरून बसला आहे, जसा काही कधी कुठे गेलाच नव्हता.

आलास? न सांगता, न विचारता? मी इथे तुझ्यावाचून जगायची तयारी करून बसले, दुकानदाराशी भांडले, मालकांशी भांडले, ह्यांच्यावर चमचा फेकला, आणि तू चोरपावलांनी घरात शिरून कामाला लागलास. सांगून ठेवते, बटणं मी काढणार नाही. आठ, नऊ, दहा, अकरा, सगळी राहणार. तुझा काही नेम नाही.

ह्यांना हाक मारली. हे दारात उभे आहेत, वहीकडे बघताहेत आणि ह्यांची ती सर्दी पुन्हा सुरू झाली आहे. माझंही तोंड ओलं झालं आहे. पुसायला हात मोकळा नाही. दोन्ही कामात आहेत.